पाटीवर लिहिलंय

"मास्तर, पाणी?"

दुसऱ्या रांगेतली रतन उभी राहिली होती आणि तिनं अंगठा ओठांशी नेला होता. झालं ते एवढंच. इंदापूरच्या त्या शाळेत ही खूण जुनी होती. करंगळी वर केली की लघवी, अंगठा ओठांशी नेला की पाणी. आबाजी मास्तर तीस वर्षं या अंगठ्याकडं न बघताच मान हलवत आले होते. आज मात्र फळ्यावरचा हात तसाच राहिला. खडू बोटांत मोडला आणि त्याची पूड जिभेवर आल्यासारखी वाटली. वैशाखातली सकाळची शाळा, नऊ वाजताच वरचा पत्रा तापलेला, आणि सगळा वर्ग त्यांच्याकडं बघत होता. त्यांच्या डोक्यावर नुकते कुठं केस उगवायला लागले होते, पांढरे, गव्हाच्या दाण्याएवढे. पहिले दोन दिवस मुलं त्या डोक्याकडं बघून गालांतल्या गालांत हसली होती. मग कुणीतरी घरून ऐकून आलं की मास्तरांची आई वारली, तेव्हापासून हसायची थांबली. रतन अजून उभीच होती. मास्तर हो म्हणेपर्यंत ती जागची हलणार नव्हती. मास्तरांनीच तिला तसं शिकवलं होतं.

"जा," ते म्हणाले, पण ओरडल्यासारखं म्हणाले. "सगळीच जा. पोटभर पिऊन या."

चाळीस पोरं क्षणभर एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग एकदम व्हरांड्यातल्या रांजणाकडं धावली. मास्तर खुर्चीत बसले. बाहेर ओगराळं रांजणात बुडाल्याचा तो गटगट आवाज झाला. पोरं ओंजळी धरून पीत होती, एकमेकांच्या अंगावर उडवत होती, फरशीवर पाणी सांडत होतं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. रिकाम्या वर्गात खडूचा आणि घामट टोप्यांचा वास होता, पण त्यांच्या नाकात दुसराच वास शिरला.

तो वास बारामतीच्या त्या दवाखान्याचा. धोतर परटाकडं चारदा जाऊन आलं तरी तो जात नव्हता. नुसत्या फिनेलचा असता तर काही वाटलं नसतं. फिनेलच्या खाली दडवलेलं जे काही होतं त्याचा तो होता. कोपऱ्यातल्या बादलीतला वाळून कडक झालेला कापूस, खाटेखाली दुपारपर्यंत तसंच राहिलेलं भांडं, भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत पानाच्या पिचकाऱ्या आणि त्यांवर मारलेला चुना. मागच्या दाराशी एक कुत्रं बसलेलं असायचं. दार उघडलं की ते आशेनं शेपूट हलवायचं. कशाची आशा, हे मास्तरांना दुसऱ्या दिवशी ती बादली रिकामी होताना कळलं आणि त्यांनी भाकरी तशीच बांधून ठेवली.

आई पणदऱ्याला असायची, धाकट्या झुंबरकडं. दोन वर्षं पोटात गाठ घेऊन हिंडत होती. "वायगोळा हाय," म्हणायची आणि हिंग लावून फडकं बांधायची. सारजाबाईनं दुखणं सांगितलं असं गावात कुणाला आठवत नव्हतं. शेवटी पोट इतकं दिसायला लागलं की बायका तोंडाला पदर लावून बोलू लागल्या, तेव्हा झुंबरनं तिला बैलगाडीतून बारामतीला आणलं आणि इंदापूरला थोरल्या भावाला निरोप धाडला. दर मंगळवारी पुण्याहून एक मोठे सर्जन मोटारीनं येत, दुपारपर्यंत पाच-सहा पोटं कापत, आणि जेवून परत जात. मधले सहा दिवस दवाखाना लहान डॉक्टरच्या, नर्सांच्या आणि कंपाउंडरच्या हवाली. झुंबरची बायको बाळंतीण होती. मास्तरांची बायको जाऊन सात वर्षं झाली होती. झुंबर मंगळवारी सकाळपर्यंत थांबला आणि मग टोपी हातात घेऊन घुटमळू लागला.

"दादा, कालव्याची पाळी आजच हाय. सोडली तर पुन्यांदा पंधरा दिसांनी. ऊस वाळंल."

"जा तू. मी आहे."

"तू हाईस म्हनून तर जीव भांड्यात हाय. आमाला काय कळतंय डाक्टरचं? तू मास्तर, तुला समजंल."

तो उसाला पाणी द्यायला गेला. मास्तरांना ते तेव्हा बरंच वाटलं होतं. आपल्यावाचून अडतं, आपल्याला समजतं, याचा एक ऊबदार अभिमान त्यांना वाटला होता. आता तो आठवला की अंगावरून पाल गेल्यासारखं होतं.

आईला आत नेल्यावर दोन तासांनी वॉर्डबॉय बाहेर आला. त्याच्या हातात पांढरी पत्र्याची परात होती, कडेचा मुलामा उडालेली. व्हरांड्यात सात-आठ माणसं भाकऱ्या सोडून बसली होती. त्यांच्यामधून वाट काढत तो आला आणि मास्तरांच्या नाकाखाली त्यानं ती परात धरली. आत नारळाएवढं काहीतरी ओलं, करडं-तांबडं पडलं होतं आणि त्यावर एक माशी बसली होती.

"सारजा पणदरे तुमचीच ना? बघून घ्या. एवढा निघाला."

मास्तरांनी बघितलं. शेजारी कांदा फोडून बसलेला म्हाताराही मान लांब करून बघू लागला आणि म्हणाला, "आरं बाबौ." कुणीतरी विचारलं, गोळा का मूल? वॉर्डबॉय हसला.

"बघितला ना? मग हितं सही करा."

मास्तरांनी कागदावर सही केली. वळणदार, वर्गात कित्त्यावर करायचे तशी. कागद इंग्रजीत होता. आईच्या ऑपरेशनची जी काही हकिकत त्यांना त्या दवाखान्यात कळली ती एवढीच. गोळा कसला होता, सगळा निघाला का, पुढं काय, हे सांगायला कुणी आलं नाही. सर्जनसाहेब मागच्या दारानं गेले. मोटारीचा आवाज झाला तेव्हा मास्तर पुढच्या दाराशी हात जोडायच्या तयारीनं उभे होते.

मग आईला खाटेवर आणून टाकलं. टाकलं हाच शब्द. एक काचेची बाटली टांगून हातात सुई घातली. ती संपली तेव्हा नर्सनं सुई उपसली आणि बाटलीचं स्टँड पलीकडच्या खाटेकडं ओढत नेलं. जाता जाता ती म्हणाली, "पाणी द्यायचं नाही हां हिला. थेंब नाही. दिलंत तर जबाबदारी तुमची."

"बरं बाई," मास्तर म्हणाले.

कधीपर्यंत, हे त्यांनी विचारलं नाही. नर्सही बोलली नाही.

इथं येऊन मन दर वेळी अडखळायचं. परटाकडं जाताना, फळ्यावर तारीख लिहिताना, जेवताना घास हातात घेऊन. का विचारलं नाही? तीस वर्षांत त्यांच्या वर्गातल्या मुलानं एक गोष्ट दोनदा विचारली नव्हती. विचारावी लागूच नये असं ते सांगत. संथ, एकेक पायरी उतरून, चिंचोके मांडून, चित्र काढून. इन्स्पेक्टरनं शेऱ्यात तसं लिहिलं होतं. आणि त्यांच्या वर्गाचा एक नियम होता. फळ्यावर लिहिलेलं मास्तर पुसेपर्यंत खरं. मधल्या सुट्टीत कुणी पुसायचं नाही. शहाणं मूल विचारत बसत नाही, वाट बघतं. बारामतीच्या त्या बायकांच्या वॉर्डात पन्नाशीचे आबाजी मास्तर वर्गातल्या शहाण्या मुलासारखे खाटेशेजारच्या स्टुलावर ताठ बसून राहिले.

बुधवारी सकाळी आई पूर्ण शुद्धीवर आली. पहिला शब्द म्हणजे, "आबा, पानी."

"नाही आये. डॉक्टरांची मनाई आहे."

घरात ते तिच्याशी 'हाय-न्हाय' बोलत. इथं नर्सांच्या कानावर पडू नये म्हणून शुद्ध बोलत होते. आई जरा बावरून बघत राहिली.

"घोटभर रं."

तेव्हा मास्तरांनी तिला समजावून सांगितलं. हेच. हे आठवलं की त्यांना स्वतःच्या आवाजाची किळस यायची. कारण त्यांना स्वतःला कारण माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. पण समोर न समजणारं माणूस असलं की समजावल्याशिवाय त्यांना राहवत नसे. ते म्हणाले, "आये, आपण मातीची भिंत घातली आणि ती वाळायच्या आत पाऊस पडला तर? खचते की नाही? तसे तुझ्या पोटात ओले टाके आहेत. पाणी गेलं की ते सुटतील. वाळू दे." किती छान सांगितलं. पलीकडच्या खाटेवर सुनेला घेऊन आलेली जळोचीची द्वारकाबाई हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. "आत्ता कळलं बगा," ती म्हणाली, "आमाला मेलं कोन सांगतंय आसं फोडून?" मास्तरांना बरं वाटलं. दुपारपर्यंत भिंतीचा दृष्टान्त वॉर्डभर झाला. आणखी दोघींच्या माणसांनी येऊन तो त्यांच्या तोंडून ऐकला. मास्तरांनी तो प्रत्येकाला न कंटाळता सांगितला.

खाटेच्या पायथ्याशी एक पत्र्याची पाटी टांगलेली होती. तिला चिमट्यात कागद. लहान डॉक्टर सकाळी फेरीला येत, पाटी उचलत, नर्सशी इंग्रजीत चार शब्द बोलत, कागदावर खरडत, पाटी पुन्हा अडकवत आणि पुढं जात. आईच्या तोंडाकडं त्यांनी बघितल्याचं मास्तरांना आठवत नव्हतं. बुधवारी मास्तर उठून उभे राहिले होते.

"साहेब, पाण्याचं..."

"पाटीवर लिहिलंय. सिस्टर सांगतील."

सिस्टर पुढच्या खाटेवर. तिला गाठलं तर ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारा, मी आत्ताच ड्यूटीवर आलेय." संध्याकाळी तिसरीच होती. कंपाउंडर म्हणाला, "मास्तर, मी बाटल्या भरतो." आणि हसला. त्याच्या टेबलावर बशीत चहा होता. तो बशी ओठाला लावून फुर्रकन ओढायचा, आणि उघड्या दारातून आईचे डोळे त्या बशीवर लागलेले असायचे. बशी खाली आली की डोळे खाली, वर गेली की वर.

मास्तर पाटीसमोर उभे राहिले. ते व्हर्नाक्युलर फायनल झालेले, अध्यापनाची पहिली दोन वर्षं पुण्यात काढलेले. इंग्रजी त्यांच्या वाट्याला आलंच नाही. बारामती स्टेशनवरच्या पाटीची मोठाली अक्षरं त्यांना एकेक करून लागत. पण या कागदावरचं म्हणजे शाईत बुडालेल्या मुंगीनं काढलेली वाट. एक आकडा समजला, तारीख. तिच्यापुढं दोन शब्द. चारशे-पाचशे मुलांना अक्षर ओळख करून दिलेला माणूस त्या दोन शब्दांपुढं उभा होता, आणि शेजारून द्वारकाबाईनं विचारलं, "काय लिवलंय ओ मास्तर?"

"तेच," मास्तर म्हणाले. "पाणी द्यायचं नाही."

का म्हणाले? लाज वाटली म्हणून. मला येत नाही, एवढे तीन शब्द त्यांनी पोरांकडून हजारदा ऐकले होते आणि एकाही पोराला त्याबद्दल मारलं नव्हतं. उलट कौतुक करत. न येणं सांगायलाही धीर लागतो, म्हणत. स्वतःच्या तोंडून ते निघाले नाहीत. गुरुवारी लहान डॉक्टर आणखी एक ओळ खरडून गेले, आणि द्वारकाबाईनं विचारलं नाही तरी मास्तर आपणहून म्हणाले, "तेच."

गुरुवारी आई बोलायची थांबली. जीभ टाळ्याला चिकटायची, तिचा चट्ट असा आवाज व्हायचा. ओठांवर करड्या खपल्या. मग तिनं हात उचलला आणि अंगठा ओठांशी नेला. शाळेचं तोंड न बघितलेली बाई. ही खूण तिला कुणी शिकवली नव्हती. मास्तरांनी मान हलवली. नाही. तिनं पुन्हा अंगठा नेला. त्यांनी पुन्हा मान हलवली, हसून, जसं ते गणित चुकलेल्या मुलाला हसून नाही म्हणत. दुपारी एका बाईनं फरशी पुसायला बादली आणली तेव्हा आईच्या पदराचं टोक खाटेवरून लोंबत त्या बादलीत बुडालं. थोड्या वेळानं मास्तरांनी बघितलं, ती भिंतीकडं तोंड करून काहीतरी चोखत होती. पदराचं टोक. फिनेलच्या पाण्यात भिजलेलं. मास्तरांनी तिची मूठ उघडली, एकेक बोट सोडवलं, आणि पदर काढून घेतला.

"आये, असं करू नये," ते म्हणाले.

द्वारकाबाईला आता राहवलं नाही. "आवो मास्तर, दोन थेंब द्या की. फडकं भिजवून ओठाला तरी लावा. मानूस हाय का दगूड?"

"द्वारकाबाई, तुम्हांला भिंतीचं सांगितलं होतं ना?"

"भित खचू द्या मेली! ती बाई खचायला लागलीया, दिसंना का तुमाला?"

"दिलंत तर जबाबदारी तुमची," मास्तर म्हणाले. नर्सचं वाक्य जसंच्या तसं. संध्याकाळी बायकांच्या वॉर्डातून पुरुषांना बाहेर काढत, तेव्हा जाताना त्यांनी द्वारकाबाईकडून तिच्या सुनेची शपथ घेतली. ती शपथ तिनं पाळली. पुढं कितीदा तरी वाटलं, मोडली असती तर. एखाद्या अडाणी बाईनं आपलं ऐकलं नसतं तर.

शुक्रवारी दुपारी नवीनच नर्स आली. ठेंगणी, नगरकडची, चष्मा लावलेली. तिनं आईच्या हाताचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते तसंच उभं राहिलं. तिनं खाटेखालचं भांडं बघितलं. कोरडं. मग पाटी उचलली.

"हिला पाणी कोण देतंय?"

"कुणी नाही," मास्तर उठून म्हणाले. "थेंबही दिला नाही." आवाजात, देवाशपथ, थोडा अभिमान होता. शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्या मुलाचा.

नर्सनं पाटी त्यांच्यासमोर धरली. "अहो, बुधवारी सकाळपासून घोट घोट पाणी सांगितलंय. काल पेज, दूध. पाटीवर लिहिलंय की. तुम्ही तीन दिवस पाटीसमोरच बसलात ना? तुम्ही मास्तर आहात म्हणे?"

"मला कुणी..." मास्तर म्हणाले. आणि मग ते तीन शब्द निघाले, तीन दिवस उशिरा. "मला येत नाही."

"मग विचारायचं!" नर्स म्हणाली, आणि एकदम वळून तिनं सगळ्या वॉर्डावर आवाज टाकला, "आणि या इथल्यांना तोंडं नाहीत का सांगायला?" कंपाउंडरनं दार ओढून घेतलं. लहान डॉक्टरांना बोलावणं गेलं, ते तासाभरानं आले, इंग्रजीत काहीतरी म्हणाले, नर्सनं इंग्रजीतच उत्तर दिलं. दोघांचे आवाज चढले. मास्तर मधे उभे होते आणि त्यांच्या आईबद्दल काय चाललंय हे तेव्हाही त्यांना कुणी सांगितलं नाही.

नवव्या दिवशी ती गेली. कशानं, ते कागदावर होतं. पाण्यामुळं की गाठीमुळं की वयामुळं, हे विचारायला मास्तर पुढच्या मंगळवारी पुन्हा पुढच्या दाराशी उभे राहिले, आणि मोटार पुन्हा मागच्या दारानं गेली. लहान डॉक्टर म्हणाले, "वय झालं होतं हो." झुंबर रडला आणि म्हणाला, "दादा, तू व्हतास म्हनून तिचे हाल तरी न्हाय झाले." मास्तरांनी त्याला काही सांगितलं नाही. दहाव्याला नीरेच्या काठी भटजी घाईत होते. मास्तरांच्या ओंजळीत तीळ होते. "ओता पाणी," भटजी म्हणाले. "हात आखडू नका मास्तर, भरपूर ओता, त्यांना पोचतं ते." मास्तर ओतत राहिले. तिसऱ्या ओंजळीला त्यांना ओकारी झाली, काठावरच, सगळ्यांच्या देखत. उपासानं पित्त झालं, असं लोक म्हणाले.

बाहेर पोरांचा गलका कमी झाला. एकेक जण ओले हात चड्डीला पुसत आत येत होता. रतन दाराशी थबकली, आत येऊ का म्हणून अंगठा की करंगळी काय दाखवायचं ते तिला कळेना. मास्तरांचं तिकडं लक्ष नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्या चष्मेवाल्या नर्सनं त्यांच्या हातात फुलपात्र दिलं आणि म्हणाली, "चमच्यानं द्या. तुमच्याच हातानं द्या." मास्तर खाटेवर बसले. आईचे डोळे उघडे होते पण ते त्यांच्यावर ठरत नव्हते, त्यांच्यामागं कुणाला तरी शोधत होते. चमचा ओठांशी आला तशी तिनं तोंड घट्ट मिटलं. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. मास्तरांनी पुन्हा चमचा भरला. तिनं मान फिरवली. मग तिचा हात त्यांच्या बाहीवर आला, तिनं त्यांना जवळ ओढलं, आणि एखाद्या अनोळखी पण भल्या माणसाला सांगावं तसं, फाटक्या आवाजात विचारलं:

"त्यो मास्तर गेला का?"

मास्तरांनी मागं बघितलं नाही.

"गेला, आये," आबाजी म्हणाले. "पी."